जुनं सामान ऑनलाइन विकताना: वहीत काय लिहायचं आणि फोटोत काय दिसू द्यायचं नाही

गेल्या पावसाळ्याआधी आम्ही इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर रिकामं केलं. सासऱ्यांच्या काळापासूनचं सामान होतं. लोखंडी कपाट, पायाने चालवायचं शिवणाचं मशीन, पायपेटी, फ्रिज, मिस्टरांची स्कूटर, मुलांचे दोन लॅपटॉप आणि ड्रॉवरमध्ये साठलेले चार मोबाइल. राजेंद्र नगरच्या फ्लॅटमध्ये यातलं निम्मंही मावलं नसतं. कबाडी सगळ्याचे मिळून ६,००० देत होता. मुलाने पुण्याहून फोनवरच जाहिरात टाकायला शिकवलं, आणि अडीच महिन्यांत स्कूटर धरून ४१,८०० रुपये आले.

सियागंजात एका किराणा व्यापाऱ्याकडे मी २६ वर्षं खातेवह्या लिहिल्या आहेत, त्यामुळे पैशाचा हिशेब मला येत होता. माहितीचा येत नव्हता. आपलं नाव, पत्ता, नंबर कुठून कुठे जातो याची मला काहीच कल्पना नव्हती आणि त्यापायी दोनदा मनस्ताप झाला. ओळखीतल्या बायका आता मलाच विचारायला येतात, म्हणून सगळं एकदा लिहून काढते आहे.

आधी कराची भीती

देवासहून वन्संचा फोन आला होता, "अगं, खात्यात अनोळखी माणसांचे पैसे येतायत, नोटीस येईल हो." ही भीती पुष्कळांना असते, म्हणून नियम नीट समजून घ्या.

आपण स्वतः वापरलेली घरातली वस्तू विकली, तर तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही. कायद्यात ‘भांडवली मालमत्ता’ कशाला म्हणायचं ते सांगितलं आहे, आणि त्यातून वैयक्तिक वापराच्या चलवस्तू वगळल्या आहेत. कपडे, फर्निचर, फ्रिज, मोबाइल, घरची गाडी या सगळ्या त्यात येतात. वस्तू तुमच्या किंवा तुमच्यावर अवलंबून असलेल्या घरच्या माणसाच्या वापरातली हवी. १९६१च्या कायद्यात हे होतं आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या २०२५च्या कायद्यातही ते कायम आहे. फक्त कलमांचे आकडे बदलले.

आमचं कपाट सासऱ्यांनी ६०० रुपयांना घेतलं होतं, पावती आतल्या खणातच सापडली. ते ५,५०० ला गेलं. कागदावर बघितलं तर ४,९०० चा नफा, पण तो करात धरायचा नाही. उलट ३८,००० चा लॅपटॉप ७,००० ला गेला, तो तोटाही कुठे दाखवता येत नाही. दोन्ही बाजूंनी दार बंद आहे.

पण या नियमाला अपवाद आहेत आणि लोक चुकतात ते तिथेच. दागिने, चित्रं, शिल्पं, कुठलीही कलाकृती आणि पुरातन वस्तूंचा संग्रह या गोष्टी घरातल्या असल्या तरी वैयक्तिक वापराच्या धरत नाहीत. आपल्या इंदुरात हे मुद्दाम सांगायला हवं. देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेतून बेंद्र्यांसारखे चित्रकार निघाले. त्या काळातलं एखादं जलरंगातलं चित्र अजूनही जुन्या मराठी घरांच्या भिंतीवर असतं. त्या चित्राखालचा पलंग विकला तर कर नाही. चित्र विकलं तर नफ्यावर कर आहे. होळकरी नाण्यांची पुरचुंडी निघाली तर ती जाहिरातीत टाकण्याआधी जाणकाराला दाखवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते, आणि बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकाने कितीही किंमत सांगितली तरी ती तिकडे पाठवता येत नाही.

दागिने मी ऑनलाइन विकले नाहीत आणि कुणी विकू नयेत असंच सांगेन. सराफ्यात जाऊन समोर वजन करून द्यावेत. पण घर आवरताना सोनं निघतंच, म्हणून हिशेब सांगते. २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ जवळ असलेल्या दागिन्यावर २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्याचा दर १२.५ टक्के आहे, महागाईची वजावट नाही. वारशाने आलं असेल तर मूळ मालकाची खरेदी किंमत आणि तिचा काळ दोन्ही आपल्याला मिळतात. १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा कागद घ्या. समजा त्याने २००१ची किंमत ८,००० काढली आणि पाटल्या १,४८,००० ला गेल्या. नफा १,४०,०००. त्यावर १७,५०० कर, वर ४ टक्के उपकर ७००, मिळून १८,२००. जुनं मोडून नवं घेतलं तरी हा व्यवहार धरला जातो. आणि नव्या कर-पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही हे जे सगळे म्हणतात, ती सूट या नफ्याला लागत नाही. विवरणपत्रही मग आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरायचं.

दुसरी चूक माझ्या भाच्याची. त्याने जेल रोडवरून जुने मोबाइल घ्यायचे, स्क्रीन बदलायची आणि ऑनलाइन विकायचे असं सुरू केलं होतं. तो म्हणे, "मावशी, जुनंच तर सामान आहे." नाही. विकण्यासाठीच घेतलं तर तो धंदा झाला, मग वस्तू कितीही जुनी असो. लहान धंद्याला सोपी पद्धत आहे: बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा धरून आयटीआर-४ भरता येतं. जीएसटीची नोंदणी आपल्याकडे वस्तूंसाठी वर्षाला ४० लाखांच्या विक्रीनंतर लागते, पण मध्य प्रदेशाबाहेर माल पाठवायचा तर पहिल्या रुपयापासून. त्याने महाराष्ट्रात दोन फोन कुरिअर केले होते. ते थांबवायला लावले.

जीएसटीवरून अजून एक. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची ५५वी बैठक झाली आणि लगेच व्हॉट्सॲपवर फिरलं की जुनी गाडी विकली की १८ टक्के कापले जाणार. तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्यावर आहे, तोही खरेदी-विक्रीतल्या फरकावर. तुम्ही तुमची स्कूटर शेजारच्याला विकली तर जीएसटीचा काही संबंध नाही.

पॅन कुणाला द्यायचा

काही साइट फक्त जाहिरात दाखवतात, पैसे विकणारा आणि घेणारा आपसात देतात-घेतात. तिथे सहसा पॅन मागत नाहीत. काही साइटवर मात्र पैसे त्यांच्यामार्फत येतात, आणि तिथे पॅन मागतात. त्याला कारण आहे: त्यांना विक्रीवर ०.१ टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापावा लागतो. पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीची वर्षभराची विक्री ५ लाखांपर्यंत असेल तर कापत नाहीत. पॅन दिला नाही तर थेट ५ टक्के जातात. म्हणजे द्यायला हरकत नाही, पण तो ॲपच्या आतल्या त्यांच्याच पानावर भरायचा. चॅटमध्ये, फोनवर, ‘व्हेरिफिकेशन’ म्हणून आलेल्या लिंकवर नाही. घेणाऱ्याला तर तुमच्या पॅनची गरजच नसते.

कापलेली रक्कम तुमच्या एआयएस मध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याच्या साइटवरच्या तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांच्या यादीत, दिसते आणि विवरणपत्र भरून परत मिळते. एआयएस वर्षातून दोनदा तरी उघडून बघा. घरच्या फ्रिजची विक्री तिथे उत्पन्नासारखी दिसली तर त्या ओळीवरच ‘हे उत्पन्न करपात्र नाही’ असा अभिप्राय नोंदवायची सोय आहे. तो नोंदवताना हाताशी लागते ती वही.

वहीचं सांगते. साधी दोनशे पानी घ्या, आणि एका वस्तूला एक ओळ. कधी घेतली, कितीला, कधी विकली, कितीला, पैसे कसे आले, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, घेणाऱ्याचं नाव. खरेदीची पावती नसेल तर ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहा, आकडा रेटून बसवू नका. मी या विक्रीसाठी बँकेतलं एक पडून असलेलं बचत खातं वापरलं. पेन्शनच्या खात्यात हे पैसे मिसळले नाहीत, म्हणून ४१,८०० चा मेळ एका पानात बसला.

रोखीचा नियम लक्षात ठेवा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. आज दीड लाख, परवा साठ हजार असं तोडून घेतलं तरी व्यवहार एकच धरतात, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच असतो. जुनी चारचाकी विकणाऱ्यांनी याकडे नीट लक्ष द्यावं.

फ्रिजवरचं बिल

आता जिथे मी चुकले ते. फ्रिजचा फोटो काढला, छान स्वच्छ पुसून, दार बंद करून. जाहिरात टाकली. नाव फक्त आडनावाचं पहिलं अक्षर, पत्ता फक्त ‘रामबाग’. दुसऱ्या दिवशी एक माणूस थेट दारात. सासऱ्यांचं पूर्ण नाव घेऊन म्हणाला, "ये उन्हीं का मकान है ना?" सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. मी घरात एकटी होते.

तो गेल्यावर फोटो मोठा करून पाहिला. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली विजेचं बिल. नाव, घर क्रमांक, गल्ली, वीज ग्राहकाचा आयव्हीआरएस नंबर, सगळं वाचता येत होतं. शेजारी मिस्टरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. आपल्या डोळ्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की ते दिसतच नाही.

तेव्हापासून मी फोटो असे काढते. वस्तू भिंतीपासून ओढून मोकळ्या जागी घ्यायची, मागे चादर टांगायची. आरसा असलेलं कपाट तिरपं धरायचं, कारण आरशात अख्खी खोली येते आणि फोटो काढणारी व्यक्तीही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करायचं, नाहीतर फोटोच्या फाइलमध्ये जागा नोंदली जाते. मग टाकण्याआधी दोन बोटांनी फोटो मोठा करून चारही कोपरे वाचायचे. खरंच वाचायचे, अक्षर न् अक्षर. मोबाइलच्या खोक्यावरचा आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, गाडीची नंबरप्लेट, पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं नाव, मुलांच्या शाळेचा बिल्ला. हे सगळं झाका.

जाहिरातीत नेमकं ठिकाण न सांगता आसपासच्या मोठ्या भागाचं नाव द्या. रामबागेऐवजी ‘राजवाड्याजवळ’ पुरतं. नंबर दिसू न देता ॲपच्या चॅटवरच बोलायची सोय असेल तर तीच ठेवा. यूपीआयचा आयडी बहुधा मोबाइल नंबरचाच असतो. बहुतेक ॲपमध्ये नंबर नसलेला दुसरा आयडी बनवता येतो, तो विक्रीसाठी वापरा. बँकेतलं नाव घेणाऱ्याला तरीही दिसतं, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

लहान वस्तू द्यायला मी संध्याकाळी छप्पन दुकानला बोलावते. माणसं असतात, उजेड असतो. कपाट, मशीन यांना घरीच यावं लागतं. मग वस्तू आदल्या दिवशी बाहेर ओट्यावर आणून ठेवायची, म्हणजे आत यायचं कारणच उरत नाही. आणि शेजारच्या काकांना सांगून ठेवायचं.

शिवणाच्या मशीनला पहिला फोन आला तो फौजी म्हणवणाऱ्याचा. "मैं महू में पोस्टेड हूँ आंटीजी, अभी छुट्टी नहीं है, पेमेंट पहले कर देता हूँ, गाड़ी आकर ले जाएगी." इथे महूचं नाव घेतलं की कुणालाही खरंच वाटतं, छावणी तासाभरावर आहे. त्याने गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही पाठवलं. मग एक क्यूआर पाठवून म्हणाला, स्कॅन करके पिन डालिए, पैसे आ जाएँगे. खातेवह्या लिहिलेल्या माणसाला इथे मात्र शंका येते. जमा व्हायला सही कशाला? यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो. घेताना कधीही नाही, क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. मी फोन ठेवला. अशा वेळी ‘चुकून जास्त पाठवले, परत करा’ म्हणून खोटा मेसेजही येतो. जमा झाले की नाही ते आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघूनच ठरवायचं, स्क्रीनशॉट किंवा एसएमएसवरून नाही. फोनमध्ये काही ॲप टाकायला सांगितलं तर नकार. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त.

मोबाइल आणि लॅपटॉप

दुसरा मनस्ताप मोबाइलचा. मी सगळं पुसलं आणि फोन दिला. पाल्द्याहून रात्री नऊला तो विकत घेतलेल्या मुलाचा फोन आला, "आंटी, गूगल का पासवर्ड मांग रहा है, बता दीजिए." तो मुलगा प्रामाणिक होता, पण त्या पासवर्डमागे माझी ईमेल, बँकेची पत्रं, नातवाचे फोटो. पुसण्याआधी खातं काढलं नाही तर अँड्रॉइड फोन चोरीच्या भीतीने जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत राहू शकतो. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून मी स्वतःच्या हाताने टाइप केला, खातं काढलं आणि फोन त्याच्यासमोर पुन्हा पुसला.

म्हणून क्रम असा ठेवा. फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप नव्या फोनवर आला का ते उघडून बघा. बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपमधून बाहेर पडा. गूगल खातं सेटिंगमधून काढा. आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करून साइन आउट करा. मगच फॅक्टरी रीसेट. सिम आणि मेमरी कार्ड काढलं का ते खाच उघडून बघा, बंद करून नुसतं हलवून नाही.

लॅपटॉपमध्ये फाइल डिलीट केली तरी ती डिस्कवर राहते आणि परत काढता येते. विंडोजमध्ये ‘रीसेट धिस पीसी’ मध्ये सगळं काढून टाकण्याचा पर्याय घ्या आणि आतल्या बदलांत डेटा स्वच्छ करण्याचं बटण चालू करा. पाच-सात तास लागतात, रात्री लावून ठेवा. आमचा एक लॅपटॉप चालूच होत नव्हता. त्याच्या डाउनलोड्समध्ये मुलाचा फॉर्म १६, दोघांची आधार कार्डं, लग्नाच्या हॉलचा करार होता हे मला आठवत होतं. त्याची डिस्क काढून घेतली आणि ‘डिस्कशिवाय’ असं लिहून विकला. ९०० रुपये कमी आले, मान्य.

मोबाइल घेणारा ओळखपत्र मागतो, चोरीचा नसल्याची खात्री म्हणून. त्याचं मागणं रास्त आहे. बिल दाखवा, *#०६# दाबून आयएमईआय जुळवून दाखवा. तो स्वतःही केवायएम (KYM), मग आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ ला पाठवून तपासू शकतो. आधार द्यायचंच तर आधारच्या यूआयडीएआय साइटवरून मास्क केलेलं उतरवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. छापील प्रतीवर आडवं लिहा: ‘फक्त मोबाइल विक्रीसाठी’, तारीख, सही. विक्रीची चिठ्ठी दोन प्रतींत करा: वस्तू, आयएमईआय, किंमत, तारीख आणि वेळ, दोघांच्या सह्या. वेळ लिहायला विसरू नका. उद्या त्या फोनवरून काही झालं तर कुठल्या क्षणापर्यंत तो तुमचा होता हे तीच चिठ्ठी सांगते.

घेणाऱ्याच्या कार्डाचा मी फोटो घेत नाही. बघते, नाव आणि शेवटचे चार आकडे वहीत लिहिते, कार्ड परत देते. माझं बिल परक्याने वाचलं तेव्हा मला जसं वाटलं, तसं त्यांनाही वाटत असणार.

स्कूटरचं थोडक्यात. फॉर्म २९ आणि ३० भरून नायता मुंडल्याच्या आरटीओत मालकी बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी कागदावरच्या मालकाची राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी सोडू नका. मिस्टरांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी आम्ही घेणाऱ्याबरोबर तिथे बसूनच दिला.

पैसे मिळाले की त्याच दिवशी जाहिरात काढून टाका. ‘विकले’ असं लिहिलं तरी फोटो आणि नंबर तिथेच राहू शकतात. पायपेटीची जाहिरात मी आठवडाभर तशीच ठेवली होती, आणि सारेगम शिकवाल का असे फोन अजून येतात. वही, चिठ्ठ्या आणि कपाटातली ती ६०० ची पावती एका पाकिटात घालून ठेवली आहेत. पाकिटावर आर्थिक वर्ष लिहिलं आहे आणि सहा वर्षं ते तसंच ठेवणार आहे.